भिवाजी लोहाराची नळी

शिलेदारांच्या कमरेला तलवारीशेजारी चकमकीचं पिस्तूल नुकतंच दिसू लागलं होतं, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. तेव्हा चिंचघळीत भिवाजी लोहार राहत असे. पिस्तुलाच्या घोड्याच्या तोंडात गारगोटी धरलेली असे; चाप ओढला की ठिणगी पडे, रंजक-दारू पेटे आणि बार होई. गारगोटी कुणीही बसवील, पण नळी घडवावी ती भिवाजीनंच, असं म्हणत.

त्याची एक रीत होती. नवी नळी तो दोरीला टांगी, भाता थांबवी, सगळ्यांना गप्प करी आणि हातोडीनं हलकेच ठोका देई. स्वच्छ नाद आला तर सांधा पक्का. बद्द आवाज आला तर नळी पुन्हा भट्टीत. सरदार दारात ताटकळत असला तरी हेच.

त्याच्या लेकीचं, सगुणाचं लग्न ठरलं. जावई राणू शिलेदार. मांडवाकडे निघताना बार काढायला त्याला आहेरात पिस्तूल हवं होतं. नळी लग्नाच्या सकाळीच पुरी झाली. भिवाजीनं ती टांगली, तोच वऱ्हाड दारात आलं. संबळ, सनई, ढोल.

"वाजप थांबवा जरा," भिवाजी म्हणाला.

"अहो व्याही, लगीन पोरीचं की नळीचं?" राणूचा बाप ओरडला. "मुहूर्त टळतोय की!"

वऱ्हाड खो खो हसलं. भिवाजी ओशाळला. त्या गजरातच त्यानं ठोका दिला, मान डोलावली आणि घोडा-चाप बसवून पिस्तूल जावयाच्या हाती ठेवलं.

मारुतीच्या पारापाशी राणूनं चाप ओढला. नळी फुटली. हळद लागलेला नवरदेव कोसळला, तो पुन्हा उठला नाही.

सगुणानं एवढंच विचारलं, "आबा, तुम्हाला ऐकू आलं होतं का?"

"नाही, बाई."

भिवाजीनं भट्टी विझवली. फुटकी नळी वेशीबाहेरच्या चिंचेला टांगली आणि खोडाला कान लावून तो उभा राहिला. कुणी म्हणतं सात दिवस, कुणी म्हणतं सात वर्षं. नक्की कुणालाच सांगता येत नाही. उन्हाळे गेले, पावसाळे गेले, तो हलला नाही. शेवटी चिंचेनंच त्याला सालीखाली घेतलं, असं म्हणतात. खोडावर कानासारखी एक गाठ अजून आहे.

आजही चिंचघळीत लग्नाची मिरवणूक त्या चिंचेपाशी आली की वाजंत्री हात आवरतात. मुहूर्त टळला तर टळू देतात. नवरीचा बाप नळीला ठोका देतो आणि आवाज पुरता विरेपर्यंत कुणी खोकतही नाही. मग नवरी विचारते, "आबा, ऐकू आलं का?"

आणि बापानं खरं तेच सांगायचं असतं.

"आलं, बाई. फुटकी आहे."