घाण्याचा एक फेरा

एकदा एका तरुण गुरुजींनी गावातल्या तेलाच्या घाणेवाल्याला निरोप धाडला, "तुमची येसू मठ्ठ आहे. तिला उद्यापासून शाळेत पाठवू नका." पोरीचा अपराध एवढाच, की पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून दिवस-रात्र होतात, हे तिला महिनाभर पटत नव्हते. "फिरतो तो सूर्य. मी रोज बघते," हेच तिचे पालुपद.

बापाने कपाळाला हात लावला आणि मुलीला घाण्याच्या दांड्यावर बसवले. बैल ओढतो त्या दांड्यावर वजन लागते, म्हणून घरात जो रिकामा असेल तो त्यावर बसतो. येसू लहानपणापासून बसत आली होती. त्या दिवशी मात्र ती रडत बसली.

गुरुजींच्या वृद्ध आचार्यांच्या कानी हे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते आपल्या या शिष्याला, म्हणजे तरुण गुरुजींना, घेऊन घाण्यावर आले. अंधारी खोली, पूर्वेला एकच दार, दारातून ऊन आत आलेले. आचार्यांनी येसूला खाली उतरवले आणि शिष्याला म्हणाले, "बस दांड्यावर. तोंड बाहेरच्या बाजूला कर."

एवढा शिकलासवरलेला माणूस, आणि तेलकट दांड्यावर! पण गुरूची आज्ञा. बिचारा मुकाट्याने बसला. येसूने बैल हाकला. शिष्याच्या तोंडावर ऊन आले, सरले, अंधार झाला, पुन्हा ऊन आले.

"काय दिसते?" आचार्यांनी विचारले.

"दार येते आणि जाते," शिष्य पुटपुटला.

येसू खुदकन हसली. "दार कसं येईल, गुरुजी? ते जागच्या जागी आहे. तुम्हीच फिरताय!" बोलता बोलता ती थबकली. तिने उन्हाकडे पाहिले, दांड्याकडे पाहिले आणि ओरडली, "अगं बाई! म्हणजे सूर्य तिथंच आहे! आपणच दांड्यावर बसलोय!"

तिने धावत जाऊन बैलाची चाल मंद केली. "बघा, बैल रेंगाळला की ऊन उशिरा येतं. एक फेरा म्हणजे एक दिवस-रात्र. फेरा लांबला की तीही लांबणार!"

"मग ती रोज सारखीच कशी?" बापाने विचारले.

"पृथ्वी बैलासारखी दमत नाही," आचार्य म्हणाले. "तिचा फेरा चोवीस तासांचा, म्हणून आपली दिवस-रात्र चोवीस तासांची." मग ते शिष्याकडे वळले. "महिनाभर तू हिला फिरणे समजावत होतास. ही घरी काय करते, हे एकदा तरी विचारलेस? मठ्ठ कोण, ते मी सांगायला हवे का?"

शिष्य खाली उतरला. त्याची मान झुकली होती. "येसू, चुकलो मी," तो म्हणाला. "उद्या वर्गाला हे तूच शिकव."

दुसऱ्या दिवशी सारी शाळा घाण्यावर लोटली. एकेक मूल दांड्यावर बसत होते आणि बैल हाकत येसू गर्जत होती, "उजाडलं! मावळलं! उजाडलं!" बापाची छाती अभिमानाने फुगली होती. रांगेच्या शेवटी, आपली पाळी यायची वाट पाहत, गुरुजी उभे होते.