नवव्या दिवसाचे नाव

एका राज्यात सणाचे नऊ दिवस कोणाचे तोंड रिकामे दिसले, तर त्याला वेशीबाहेर घालवीत. हा कायदा काही जुना नव्हता. राजा नंददत्ताने तो एका सकाळी केला, आणि त्याला कारण झाला एक हंडा.

तांब्याचा तो हंडा उत्तरेच्या डोंगरातून मांत्रिक कालकंठ घेऊन आला. हंड्यात पळी बुडवावी आणि पदार्थाचे नाव घ्यावे. चिरोटे म्हटले की चिरोटे, मोहनथाळ म्हटला की मोहनथाळ. राजाने दहा वेळा पळी बुडवली आणि दहाही वेळा तो लहान मुलासारखा हसला.

कालकंठ म्हणाला, "महाराज, मोबदला आज नको. नवव्या दिवशी सूर्य मावळताना या सभेत आपले नाव स्पष्ट उच्चारणारे एक जरी तोंड उरले, तर हंडा आपला. एकही उरले नाही, तर सिंहासन माझे."

राजाला ही अट गमतीची वाटली. सारे राज्य सकाळ-संध्याकाळ त्याच्या नावाचा जयघोष करीत असे. त्याने होकार दिला आणि वर हुकूम सोडला, की उगवतीपासून मावळतीपर्यंत प्रत्येकाच्या गालात काहीतरी गोड असलेच पाहिजे.

त्या नगरात हैमवती नावाची दंतवैद्या राहत असे; हुकुमापुरती ती गालात ज्येष्ठमधाची काडी धरी. तिचे वडील चंद्रभान हे राजभाट; राजाच्या अठ्ठावीस पिढ्या ते एका दमात म्हणत. तिसऱ्या दिवशी हैमवतीच्या अंगणातल्या उंबरावर पिवळ्या चोचीचा एक मोठा धनेश पक्षी येऊन बसला आणि बोलू लागला. तो सात वर्षे कालकंठाच्या गुहेत बांधलेला होता आणि आता दोर तोडून सुटून आला होता. त्याने सांगितले, की हंड्यातल्या पाकावर मंत्र घातलेला आहे. तो पाक जे तोंड दिवसभर घोळवील, त्याचे दात भुसभुशीत होऊन गळतील. जेवणाबरोबर खाऊन जो खळखळून चूळ भरील आणि निजण्याआधी दात घासील, त्याला मंत्र बाधणार नाही.

"मला दातच नाहीत," धनेश म्हणाला, "म्हणून मला बोलता येत नसेल असे समजून तो माझ्यासमोर सारे बोलत असे."

हैमवती तडक सभेत गेली. तिने राजाला सारे सांगितले, आणि सण बंद करा असे ती म्हणालीच नाही. गोड खा, पण ताटावर बसून खा; मग तोंड धुवा आणि दातांना विसावा द्या, एवढेच तिचे मागणे होते. राजाने तोंडातली जिलबी न गिळताच उत्तर दिले, की वैद्यांना दुसऱ्याचा आनंद बघवत नाही. सेवकांनी तिला दंडाला धरून बाहेर काढले.

पाचव्या दिवशी वंशावळीचे पठण होते. चंद्रभान उभे राहिले. चार दिवस त्यांनी हुकूम पाळला होता. राजाचे मीठ खाल्लेला माणूस हुकूम मोडीत नाही, असे ते लेकीला म्हणाले होते. पहिल्या पिढीशी त्यांचे समोरचे दोन दात गळून हातावर पडले. दुसऱ्या पिढीला 'त' निघेना. तिसऱ्या पिढीला 'द' निघेना. नुसती हवा फुसफुसत बाहेर येऊ लागली. तरी ते म्हणत राहिले, घाम पुसत, अठ्ठाविसाव्या पिढीपर्यंत.

आणि सभा हसली. गालांत लाडू कोंबलेली, स्वतःचे दात हलत असलेली सभा हसली, आणि सर्वांत मोठ्याने राजा हसला.

चंद्रभान घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. हैमवतीने त्यांच्या हिरड्यांना लवंगेचे तेल लावले. तिचा हात स्थिर होता, पण आत संताप असा पेटला होता, की कानशिले तापली होती. रडावे असे तिला एकदाही वाटले नाही. तिला त्या सिंहासनाचे पाय मोडावेसे वाटत होते.

सातव्या दिवसापर्यंत नगर बोबडे झाले. दवंडीवाल्याची दवंडी कोणाला कळेना. तेव्हा कालकंठाला समजले, की बत्तीस दातांचे एकच तोंड उरले आहे, हैमवतीचे.

त्या सकाळी त्याने तिच्या दारात अनारशांची परडी ठेवली. इतका सुंदर वास, की गल्ली थांबली. हैमवतीने दुपारच्या जेवणात दोन अनारसे चवीने खाल्ले, चूळ भरली आणि परडी उलटी करून ठेवली. संध्याकाळी त्याने नगरातले सारे पाणी आटवले. तिने त्या रात्रीच्या जेवणात गोडाला हात लावला नाही. मुळा कचाकचा चावून खाल्ला. आठव्या दिवशी त्याने राज्यातले कडुनिंब आणि बाभळी जाळल्या, म्हणजे दात घासायला काडी मिळू नये. करंजाचे झाड त्याला आठवले नाही. हैमवतीने करंजाची काडी मोडली, चावून कुंचा केला आणि एकेक दात घासला. प्रत्येक दाताला तिने राजाला एक शिवी दिली.

नवव्या दिवशी सूर्य कलला. सभा भरली होती आणि निम्मे लोक तोंडावर पदर किंवा उपरणे धरून बसले होते. प्रधानाने राजाचे नाव घेतले, फुसफुस झाली. सेनापतीने घेतले, लाळ गळली. शेवटी राजाने स्वतःच प्रयत्न केला, आणि त्याच्या बोळक्यातून आले ते, "अंअअ."

कालकंठ सिंहासनाच्या पहिल्या पायरीवर चढला.

हैमवती बापाचा हात धरून आत आली. सारी सभा तिच्याकडे वळली. राजाने हात जोडून, खुणेने, नाव घे असे विनवले.

"येते मला," हैमवती म्हणाली. "पण घेणार नाही."

सूर्य खिडकीच्या गजाला टेकला. कालकंठ दुसरी पायरी चढला.

"तिसऱ्या दिवशी मी सांगितले, तर मला दंडाला धरून काढलेत. पाचव्या दिवशी या म्हाताऱ्याचे दात हातावर पडले, तर हसलात. राज्य गेले तर तुमचे जाईल, महाराज. यांचे जे जायचे ते गेले. हुकूम मागे घ्या. आणि यांची क्षमा मागा, इथे, सर्वांसमोर. मग माझे तोंड उघडेल."

कालकंठ तिसऱ्या पायरीवर आला. राजाने मुकुट काढून खाली ठेवला, हुकुमाचे पत्र मधोमध फाडले, आणि चंद्रभानांसमोर गुडघे टेकले. त्याला शब्द जुळवता येईनात. तो चाचरत, थुंकी उडवत क्षमा मागत होता. यावेळी कोणी हसले नाही. चंद्रभानांनी लेकीला मान हलवून खूण केली.

"नंददत्त," हैमवती म्हणाली. न, द आणि त, तिन्ही घंटेसारखे वाजले.

हंडा तडकला आणि पाकावरचा मंत्र घालणाऱ्यावरच उलटला. कालकंठाने मंत्र म्हणायला तोंड उघडले, तो त्याचेच दात पायऱ्यांवरून टपटप खाली आले. दातांवाचून मंत्र उमटेना. तो दरवाजाकडे पळाला आणि उंबरठ्यावर त्याचा धूर झाला. सभेतल्या प्रत्येकाने गालाला हात लावला. ज्याचे दात त्याच्या तोंडी परत आले होते. विहिरींना पाणी आले.

पुढच्या वर्षीही सण नऊ दिवस झाला. चिरोटे झाले, मोहनथाळ झाला. सारे ताटावर खाल्ले गेले आणि प्रत्येक पंगतीच्या शेवटी पाण्याचे तांबे फिरले. हैमवती दर पंधरा दिवसांनी राजवाड्यात जाई. एकदा राजाने हळूच विचारले, "वैद्यबाई, अजून राग आहे?"

"आहे," ती म्हणाली. "तोंड उघडा."

राजाने तोंड उघडले.