क्षेमक वैद्याचा नकार आणि होकार

पूर्वी शोणवती नगरात अरिंजय राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका शल्यवैद्याच्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव क्षेमक. त्याचा हात हलका होता. पण शस्त्र उचलण्याआधी तो बराच वेळ नुसता पाहत बसे, म्हणून लोक त्याला थोडे हसतही.

एकदा राजाला पुत्र झाला. बाळ गुटगुटीत होते, पण उजव्या हाताला सहावे बोट होते. राजा म्हणाला, "वैद्यराज, बारशाआधी हे बोट काढून टाका."

क्षेमकाने बाळाची मूठ हळूच उघडली. बोटात हाड होते. "महाराज, याने बाळाला काही त्रास नाही. आज कापले तर रक्त जाईल, आणि इवल्याशा देहात रक्त ते किती असणार? चार-पाच वर्षे जाऊ द्या, मग पाहू."

राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण राणीने बाळाला उराशी धरलेले पाहून त्याने मान डोलावली.

क्षेमक राजवाड्याबाहेर पडतो तोच गोभद्र विणकर धापा टाकीत आला आणि त्याला घरी घेऊन गेला. राजपुत्राच्या बोटाची हकीकत वाड्याच्या दारातच त्याच्या कानावर पडली होती. गोभद्राची मुलगी आदल्या दिवशी जन्मली होती. तिला शी होण्याची वाटच नव्हती. पोट फुगून टणक झाले होते, घेतलेले दूध ती ओकत होती. मूल हातून दगावले तर नाव जाईल, म्हणून दोन वैद्य उंबऱ्यावरूनच परतले होते.

क्षेमकाने तिला उजेडात धरले. वाटेच्या जागी पातळ पडदा होता आणि त्याखाली काळसर डाग दिसत होता.

"कापावे लागेल. आजच."

गोभद्र भडकला. "राजाच्या लेकाला हात लावला नाहीत, आणि माझ्या लेकीला कापता? गरिबाची म्हणून?"

"गोभद्रा, राजपुत्राचे थांबून काही बिघडत नाही. ही थांबली तर जगणार नाही. कापल्यावर वाचेलच, असेही मी म्हणत नाही. जखम चिघळू शकते. पण पडदा पातळ आहे. माझी मुलगी असती तर मी कापले असते."

अंथरुणावरून तिची आई उत्पला म्हणाली, "मग कापा. मी तिला धरते."

क्षेमकाने शस्त्र तापवून निववले आणि गव्हाएवढा छेद घेतला. क्षणभर काहीच झाले नाही. मग बाळाने अंग आखडले, आणि काळी चिकट शी थेट वैद्याच्या पांढऱ्याशुभ्र उपरण्यावर उडाली!

"झाली! शी झाली!" गोभद्र ओरडत गल्लीभर धावला. शेजारणी देवदर्शनाला यावे तशा ते उपरणे पाहायला आल्या. उत्पला हसता हसता रडत होती. क्षेमकाला इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. पाचव्या दिवशी उतरला. महिनाभर क्षेमक रोज येऊन जखम पाही. मुलगी पोटभर पिऊ लागली, बाळसे धरू लागली.

आपल्या पूर्वजन्मीची ही कथा विहारातल्या सभेला सांगून शास्ता, म्हणजे भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा गोभद्र म्हणजे आपल्या विहारातला हा मोठ्या आवाजाचा द्वारपाल. उत्पला म्हणजे इथे बसलेली वृद्ध उपासिका. ती मुलगी म्हणजे कालच दीक्षा घेतलेली, आत्ताही हसू न आवरणारी ही भिक्षुणी. आणि क्षेमक वैद्य मीच होतो."

सारी सभा हसली. शास्त्यांनी त्या दिवशी ज्या गुणाची स्तुती केली, तो होता करुणेसह नांदणारी प्रज्ञा.