शिवेवरची शिदोरी

“आणि तिथंही इंटरनेटची तार पोचली तर?”

गैबीनाथबाबांनी विचारलं. मुरार मठात निरोप घ्यायला आला होता, वाद घालायला नव्हे.

“नाही पोचायची,” तो म्हणाला. “डोंगरापल्याड एक वस्ती आहे. चार-दोन घरं, बाकी सगळं रान. इथं जीव गुदमरतो बाबा.”

“तू नाही नेणार तार?”

“…कामापुरती न्यावी लागेल.”



आता या मुरारचं सांगायला हवं. आमच्या बोरखिंडीच्या मठातच, बाबांच्या हाताखाली तो वाढला. पुढं संगणक शिकला, शहरात मोठ्या पगारावर लागला आणि एक दिवस ती नोकरी, तो पगार न सोडताच गावी परतला. इंटरनेटची तार गावात आणली ती त्यानंच. पारावर उभं राहून काय ऐटीत बोलला होता! “आता पोटासाठी कुणाला शहरात जायला नको. शहराचं काम घरात बसून करा!”

आम्ही टाळ्या पिटल्या. आमचीही अक्कल तेवढीच.

पोरं गावात राहिली, हे खरं. पण घरात बसून काम होतं म्हटल्यावर शहरातल्यांनाही चांगली हवा आठवली. ते आले. त्यांच्यामागून इमारती आल्या, मोबाइलवर मागवलेल्या मालाची गोदामं आली, चौपदरी रस्ता आला. मठाची विहीर त्या रस्त्याखाली गेली. बाबा त्या दिवशी जेवले नव्हते.

“जा मग,” बाबा म्हणाले. “चल, शिवेपर्यंत पोचवतो.”

बोरखिंडीची ही रीतच आहे. लांब जाणाऱ्याला गावाच्या शिवेपर्यंत सोडायचं, शिदोरी तिथं त्याच्या हातात द्यायची आणि मागं फिरायचं. त्याआधी नाही. शिदोरी हातात पडली की माणूस गाव सोडून गेला असं समजायचं.

बाबांनी फडक्यात भाकरी-ठेचा बांधला, काठी घेतली आणि दोघं निघाले.

शिवेचा दगड होता तिथं मोटारी धुवायचं दुकान निघालं. दगडाचा पत्ता नाही.

“इथंच होती शीव. द्या बाबा शिदोरी.”

“ही कसली शीव? पुढंही दारंच दिसतात की.”

बाबा चालू लागले. दुकानं, मग इमारती, मग पुन्हा दुकानं. मुरारनं फोन काढून नकाशा दाखवला.

“हे बघा, बोरखिंड मागंच संपली. आपण पुढच्या गावात आहोत.”

बाबांनी फोनकडं पाहिलं, मग रस्त्याकडं पाहिलं.

“मधी माळ होता ना रे? तू मेंढरांमागं पळायचास.”

“…होता.”

“मग माळ लागू दे.”

ऊन चढलं. बाबांचे पाय सुजले, श्वास लागला. मुरारनं रस्त्यातच त्यांचे पाय धरले.

“तुमच्या पाया पडतो, फिरा मागं! मी जातो माझा.”

“शीव आली नाही अजून.”

“ती नाही येणार बाबा!”

हे त्याच्या तोंडून निघालं आणि तो एका दुकानाच्या पायरीवर मटकन बसला. एवढा शिकलेला गडी, पण हमसून हमसून रडला.

“मला गाव राखायचं होतं हो… देवाशपथ, गावच राखायचं होतं.”

“ठाऊक आहे मला.”

बाबा त्याच्याशेजारी टेकले. समोरून सामान पोचवणाऱ्यांच्या मोटारसायकली जात राहिल्या.

मग बाबांनी फडक्याची गाठ सोडली.

मुरारनं त्यांचा हात धरला. “बाबा, ही शिदोरी. शिवेवर द्यायची…”

बाबांनी हात सोडवून घेतला. भाकरी मोडली, अर्धी स्वतःला ठेवली, अर्धी त्याच्या हातावर दिली.

“शिदोरी कसली रे… जेव. अजून घरातच आहेस तू.”