दारावरची पाटी

फार पूर्वी, जिथं वर्षातले आठ महिने बर्फ पडतो अशा उत्तरेकडच्या ओसाड मुलखात एक उंदीर गोदामातलं बिऱ्हाड मोडून बायकापोरांसह राहायला गेला. "गोदामात शेजाऱ्यांचा फार ताप. आता आपलं आपण पिकवू, आपलं आपण खाऊ," असं त्यानं जाहीर केलं. यातलं 'आपण' म्हणजे कोण, हे उंदरिणीला लग्नापासून ठाऊक होतं. तिनं गाजरं पिकवली आणि हिवाळ्यासाठी घरात रचून ठेवली.

उंदरानं बाहेर उघडणारं दार बसवलं. पलीकडची म्हातारी सशीण म्हणाली, "बाबा, इथं दार आत उघडणारं ठेवतात. बाहेर बर्फ साचला की अडकाल."

"आजी, आत उघडलं तर घरातली जागा अडते. आणि आम्ही इथं कुणाच्या सल्ल्यानं जगायला आलेलो नाही!" असं म्हणून त्यानं दारावर पाटी ठोकली : 'आमचे आम्ही समर्थ.'

पहिल्याच वादळात बर्फाचा ढीग दारावर चढला. सगळ्यांनी मिळून ढकललं, पण दार तसूभर हललं नाही. चौथ्या दिवशी हवा कोंडली, पोरं धापा टाकू लागली. उंदरीण जिवाच्या आकांतानं थाळी बडवू लागली.

"हळू बडव," उंदीर म्हणाला. "लोक काय म्हणतील!"

आवाजाच्या रोखानं सशीण बर्फ उकरत आली. आधी तिला पाटी लागली, मग दार.

उंदीर बाहेर आला, मिशा झटकल्या आणि पोरांना म्हणाला, "बघितलंत? कुणाच्या मदतीवाचून चार दिवस काढले!"

उंदरीण तोवर दाराच्या बिजागऱ्या उचकटायला लागली होती. सशीण आपली रक्ताळलेली नखं चाटत म्हणाली, "पाटी जरा उंच लाव, बाबा. पुढच्या खेपेला लवकर सापडशील."