हाडांवरून घडवलेली सांडणी

शके पंधराशे नव्वद, वैशाखाचा दुसरा पंधरवडा. नदी आटून गुडघाभर उरली होती. त्या दिवसांत डोंगरातल्या एका गावात एक म्हातारा सांडणीस्वार पायी आला.

सांडणी म्हणजे वेगाने धावणारी उंटीण. तातडीचा निरोप तिच्यावरून जाई आणि तो नेणारा सांडणीस्वार. या म्हाताऱ्याने चाळीस वर्षे तेच काम केले होते. आता चाकरी संपली होती. एक गोष्ट तेवढी राहिली होती, ती करायला तो आला होता.

वीस वर्षांपूर्वी, भर श्रावणात, त्याला याच गावाकडे धाडले होते. वरच्या तळ्याचा बांध फुटायला आला होता आणि गाव तेव्हा अगदी नदीकाठी होते. नदी दुथडी भरून चालली होती. सांडणीचे नाव वावटळ. ती पाण्यात पाऊल घालीना. तेव्हा तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "एवढं पलीकडे ने. पोहोचलो की पोटभर बाभळीचा पाला देतो."

तिने नेले. काठावर येऊन ती बसली ती उठलीच नाही. पाला तोडायला वेळ नव्हता. तो चिखलातून गावाकडे धावला, ओरडून लोकांना टेकडीवर चढवले, आणि मागोमाग बांधाचे पाणी आले. माणूस न् माणूस वाचला. वावटळ गाळाखाली गेली. स्वाराला ताप भरला आणि शुद्ध हरपली. शुद्धीवर आला तेव्हा त्याला डोलीत घालून परत नेले होते.

शब्द दिला होता, पाला दिला नव्हता. वीस वर्षे हे त्याला टोचत होते.

गावाने त्याला ओळखले. पोरेबाळे त्याच्या पाया पडली, बायांनी गूळपाणी दिले. मग एक म्हातारी त्याला नदी ओलांडायच्या जागी घेऊन गेली. तिथे एक शिळा उभी होती. शिळेवर एक जनावर कोरले होते. सरळसोट पाठ, लांबलचक मान, उघडा जबडा, त्यात सुळे, पायांना वाघासारखी नखे. शिळेपुढे खड्यांचा कमरेएवढा ढीग पडला होता. म्हातारीने एक खडा उचलून त्याच्या हातात ठेवला.

"मारा बाबा. इथून जाणारा प्रत्येक जण मारतो. पुरात बुडून मेलेला राक्षस आहे हा. तुम्ही आलात तेव्हा इथंच कुठं तरी दबा धरून असणार. तुमचं नशीब थोर, तुम्हाला गाठलं नाही त्यानं."

स्वाराने शिळेकडे पाहिले. बाकी काही ओळखीचे नव्हते, पण मान ओळखीची होती. त्या मानेमागे बसून त्याने अर्धा मुलूख पाहिला होता. त्याने खडा खाली टाकला.

"हे सांगितलं कोणी?" एवढेच त्याने विचारले.

गावात एक जाणता होता. रानात हरवलेल्या गुराची हाडे सापडली की ते जनावर कोणाच्या गोठ्यातले हे तो सांगे आणि तंटा मिटे. बहुतेकदा त्याचे खरे निघे. म्हणून गाव त्याला मानत असे, आणि तो स्वतःला गावापेक्षा थोडे जास्तच मानत असे. सहा वर्षांपूर्वी गाळ उपसताना ही हाडे निघाली. जाणत्याने ती जुळवली, आणि त्याच्या सांगण्यावरून पाथरवटाने शिळा घडवली.

जाणता पारावर मोरपिसांच्या कुंच्याने माश्या हाकत बसला होता. स्वाराने त्याला सगळे सांगितले. जाणत्याने आदराने ऐकून घेतले, आणि ते जास्तच वाईट होते.

"बाबा, उंट आम्ही पाहिला नसला तरी ऐकून आहोत. त्याच्या पाठीवर उंचवटा असतो. असतो ना?"

"असतो."

"हे मणके मी माझ्या हातानं लावलेत. उंचवट्याचं हाड त्यात नाही. मग हा उंट कसा?"

"उंचवट्यात हाड नसतं. चरबी असते. ती मातीत गेली."

"जाताना तुम्ही बघितली?"

म्हाताऱ्याने सांगितले, उंटाला सुळे असतात, तरी तो पालाच खातो. जाणत्याने विचारले, पाला खायला सुळे कशाला? त्याने सांगितले, तिच्या पायाखाली भाकरीएवढी मऊ गादी होती, चालताना आवाज म्हणून होत नसे. जाणता म्हणाला, चोरपावलांनी येणारे जनावर म्हणजे राक्षसच की. त्याने सांगितले, तिच्या पापण्या लांब होत्या, धुळीच्या लोटातही ती डोळे मिचकावीत वाट काढायची. तेव्हा जाणत्याने शेजारी बसलेल्या पाथरवटाकडे बघून नुसते स्मित केले.

"वय झालं की आठवण फुगते, बाबा. हाड फुगत नाही."

दोन दिवस स्वार घरोघर हेच सांगत फिरला. ज्याला सांगावे तो आधी पाया पडे आणि मग उंचवट्याचे हाड कुठे गेले म्हणून विचारी. तिसऱ्या दिवशी त्याने सांगणे सोडून दिले आणि तो रानात गेला. ओढ्याकाठच्या जाळीत रानमांजराने खाल्लेल्या एका पाखराची हाडे पडली होती. मुंग्यांनी ती धुतल्यासारखी साफ केली होती. ती त्याने फेट्यात बांधली आणि पारावर आणून जाणत्यापुढे सोडली. लोक जमले.

"हे पाखरू कसं होतं ते सांगा," तो म्हणाला. "बरोबर सांगितलंत तर मी राक्षसाला खडा मारून निघून जातो. चुकलात तर शिळा माझी."

जाणत्याने आजवर गुरांचीच हाडे मांडली होती, पाखरांची नाही. पण तसे म्हणायला त्याची जीभ वळली नाही. त्याने हाडे नीट लावली, पाथरवटाला कोळसा घेऊन फरशीवर काढायला सांगितले, आणि एकेक बोलू लागला.

"कोंबडीच्या जातीचं आहे, पण दरिद्री. मान लांब, डोकं सुपारीएवढं. पायाला काटा आहे, म्हणजे भांडखोर. शेपटीचं हाड बोटभर, म्हणजे शेपूट नाहीच म्हणा. अंगावर बघण्यासारखं काही नसणार. असलं पाखरू दाराशी आलं तर कोणी मान वळवून बघायचं नाही."

हाडांवर माश्या बसल्या होत्या. त्याने कुंचा फिरवून त्या उडवल्या.

"झालं सांगून?" स्वाराने विचारले.

"झालं."

"मग बाकीचं पाखरू तुमच्या हातात आहे."

जाणत्याने हाताकडे पाहिले. कुंचा जागच्या जागी थांबला. पिसांचे निळे-हिरवे डोळे उन्हात चमकत होते, आणि फरशीवर कोळशाने काढलेली शेपूटतुटकी कोंबडी तशीच उभी होती.

कोणी हसले नाही. ती म्हातारी हळूच म्हणाली, "मोर होता होय. मग सहा वर्षं आम्ही खडे मारले ते कोणाला?"

"जिच्या पाठीवरून तुमचा निरोप आला, तिला," स्वार म्हणाला.

मग जाणत्याने कुंचा खाली ठेवला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला न ठाऊक असलेली गोष्ट विचारली.

"उंचवटा केवढा होता, बाबा?"

स्वाराने दोन्ही हातांनी दाखवला.

पाथरवट म्हणाला, दगडातून काढता येते, दगडात घालता येत नाही. मग त्याने शिळा आडवी पाडून पालथी केली आणि तिच्या कोऱ्या पाठीवर नव्याने छिन्नी लावली. बारा दिवस स्वार जवळ बसून सांगत होता. कान किती, ओठ कसे, पायाची गादी केवढी. पापण्यांपाशी पाथरवटाचे दोन दिवस गेले. तोवर जाणता टोपलीने खडे वाहत होता. सहा वर्षांत लोकांनी मारलेल्या त्या सगळ्या खड्यांचा ओटा झाला आणि त्यावर शिळा उभी राहिली.

या गोष्टीचे तात्पर्य त्या शिळेखालीच कोरलेले आहे: हाडे उरले तेवढेच सांगतात; बाकीचे, ज्याने सांभाळले त्याला विचारावे.

ओटा पुरा झाला त्या सकाळी म्हातारा कोयता घेऊन बाभळीकडे गेला. काट्यांनी दोन्ही हात ओरबाडले. एका सांडणीचे पोट भरेल एवढा पाला त्याने तोडला, खांद्यावरून वाहून आणला आणि वावटळीपुढे ठेवला.