ताजा काप

"मग मेले कशाने, तात्या?"

वृंदाने चौथ्यांदा विचारलं. बाबलतात्या जुन्या टूथब्रशने टाकीच्या काचेवरचं शेवाळ घासत राहिले.

खाडीकाठच्या त्या शेडमध्ये वादळात मोडलेलं प्रवाळ जगवलं जाई. मोठ्या गड्ड्याचे बोटाएवढे तुकडे करायचे, दगडी चकतीवर चिकटवायचे आणि लावणीसाठी पूर्व किनाऱ्यावरच्या केंद्राला पाठवायचे. तात्यांचा जन्म समुद्रात बुड्या मारण्यात गेलेला. पाठवण्याचं काम वृंदा त्यांच्याकडून शिकत होती. विमानाचं भाडं कोणालाच परवडणारं नव्हतं. म्हणून औषधाच्या दुकानातले फुकटचे थर्माकोलचे खोके आणून एसटीने पार्सल धाडायची तोड तिनेच काढली. त्याचा तिला अभिमान होता.

आणि आज सकाळी केंद्रातून फोन आला. गेल्या पार्सलमधले बाराही तुकडे पांढरेफटक. पाण्याला घाण वास.

"पिशव्या दुहेरी होत्या. पाणी एक भाग, हवा दोन भाग. तुकडा तरंगत्या थर्माकोलला उलटा टांगलेला, कुठे घासायला नको. भोवती वर्तमानपत्र. सांगा ना, काय राहिलं?"

"काही नाही. चिकटपट्टी तर अशी, की उघडणाऱ्याने कोयता शोधावा."

तिला हसू आलं नाही.

"कापले कधी होतेस?"

"त्याच सकाळी. ताजे पोचावेत म्हणून."

"ताजी मासळी पाठवतात गो..."

तात्यांनी टाकीतून दोन तुकडे उचलून बशीतल्या पाण्यात ठेवले. एक तिने आज सकाळी कापलेला. दुसरा त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी कापून ठेवलेला.

"बोट लाव. हळू."

आजच्याची कड खरखरीत होती. बोटाला चिकट तार लागली. जुन्याची कड गोल झाली होती; कातडं खाली उतरून चकतीला बिलगलं होतं, जणू ते तिथेच जन्मलं.

"ओला काप पाझरतो," तात्या म्हणाले. "समुद्रात पाझरला तर वाहून जातं. पिशवीत कुठे जाणार? आपल्याच पाण्यात गुदमरतो."

वृंदा बोट तसंच धरून उभी राहिली. थेंब जमिनीवर पडत राहिले.

"तात्या... सईपण बोलत नाही."

सई तिची लेक. पाच वर्षांची. गणपतीनंतर बाप मासेमारीला गेला आणि होडी तेवढी परत आली. तिसऱ्याच दिवशी वृंदाने पोरीला भावाबरोबर कोल्हापूरला धाडलं. घरातली रडारड तिच्या कानावर पडू नये म्हणून. बॅगेत स्वेटर दिला, बाहुली दिली, गाडी लागू नये म्हणून आवळासुपारी दिली. फ्रॉकच्या आतून फोन नंबरसुद्धा शिवून दिला. त्याला आता दोन महिने झाले.

"जेवते?"

"भाऊ म्हणतो, जेवते. सांगितलेलं सगळं ऐकते. त्रास म्हणून नाही पोरीचा..." तिने पदराने बोट पुसलं. "फोनवर नुसता श्वास ऐकू येतो."

"निघताना तिच्यासमोर रडलीस?"

"एक टिपूससुद्धा नाही!"

बोलली आणि तिचं तिलाच ते ऐकू आलं. मघाशी पिशव्यांचं सांगतानाचाच आवाज होता तो.



दाराशी आजचा खोका बांधून तयार होता. तात्यांनी कोपऱ्यातला कोयता घेतला, चिकटपट्टी सरकन् कापली आणि एकेक पिशवी सोडून तुकडे परत टाकीत ठेवू लागले.

"अहो, काय करताय! साडेबाराची गाडी आहे. तिकडे माणसं वाट बघतायत."

"बघू देत. पंधरा दिवसांनी जातील हे."

"आणि मी ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, त्याचं काय? जागा धरलीय त्याने खोक्यासाठी..."

तात्यांनी शेवटचा तुकडा पाण्यात सोडला. लुंगीला हात पुसले. खुंटीवरची तिची पर्स काढून तिच्या हातात दिली.

"कोल्हापूरवरूनच जाते ना गो ती गाडी?"